मृगाचे दोन अर्थ : मराठी खगोललेखनातील एक उणीव

सुबोध खगोललेखनाचे मूल्यमापन करताना त्यात माहिती किती बिनचूक आहे, हे पाहण्याचा प्रघात आहे. ती कसोटी आवश्यक खरी. परंतु लेखक वाचकाला कोणत्या आकाशातून उचलतो, हा प्रश्न तिच्यात राहून जातो.

बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे बालाघाटाच्या डोंगररांगेतील हमरस्त्यांच्या चौफुलीचे गाव. दिवाळीनंतर या भागातील ऊसतोड कामगार रातोरात साखरपट्ट्याकडे निघतात, तेव्हा पूर्वेस मृग उगवलेला असतो. पोटातील बाण आणि मागचा व्याध यांसह तो कोणालाही ओळखता येतो. हीच माणसे गावी परततात व ७-८ जूनला 'मृग निघाला' म्हणून पेरणीच्या तयारीला लागतात. त्या दिवशी मृगाचे तारे मात्र आकाशात शोधून सापडत नाहीत, कारण सूर्यच त्या नक्षत्रात असतो. हिवाळ्यात दिसणारा मृग आणि पावसाळ्यात 'लागणारा' मृग यांचा संबंध उलगडला, की पृथ्वीचे सूर्याभोवतीचे भ्रमण वेगळे शिकविण्याचे फारसे कारण उरत नाही. सामान्य वाचकाच्या हाती इतका तयार धागा क्वचितच असतो.

मराठीतील दोन प्रमुख ग्रंथकार या धाग्याच्या दोन बाजूंस उभे आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी 'ज्योतिर्विलास' या पुस्तकाला 'रात्रीची दोन घटका मौज' असे पर्यायी नाव दिले, आणि त्या नावातच त्यांची भूमिका आली : वाचकाने अंगणात यावे व वर पाहावे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या 'आकाशाशी जडले नाते' या ग्रंथाचा भर अनुमानावर आहे. तारा का तळपतो, विश्व प्रसरण पावते हे कशावरून ठरले, अशा प्रश्नांचा ते धीमेपणाने पाठपुरावा करतात. निष्कर्षापेक्षा तो कसा हाती आला हे सांगण्यात त्यांना अधिक गोडी आहे. मराठी गद्याने भौतिकीचा युक्तिवाद इतक्या सहजतेने पेलल्याची उदाहरणे थोडी आहेत. मात्र हा ग्रंथ दिव्यांच्या झगमगाटात तारे हरवलेल्या शहरातही पूर्णपणे वाचता येतो. हे त्याचे बळ होय आणि मांजरसुंब्याच्या वाचकाच्या दृष्टीने त्याची मर्यादाही.

नक्षत्रांवरील शेतकऱ्याचा विश्वास हा फलज्योतिषाच्या गाठोड्यात बांधून टाकण्याजोगा नाही. नक्षत्राचे 'वाहन' बेडूक की कोल्हा यावरून पाऊस सांगणे निराधार आहे. परंतु सूर्याच्या नक्षत्रावरून पेरणीचा काळ ठरविणे ही दिनदर्शिकाच आहे. तिच्यातील खरा दोष निराळा आहे. पंचांगातील निरयन वर्ष ऋतूंच्या सायन वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्यामुळे दर ७२ वर्षांत मृगाचा आरंभ ऋतूंच्या मानाने साधारण एक दिवस पुढे सरकतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' रचला, तेव्हापासून हे अंतर सुमारे १२ दिवसांचे झाले. (त्यांचे विज्जडविड म्हणजे बीड, असेही एक मत आहे; पाटणच्या शिलालेखामुळे ते दुर्बळ ठरते.) पाऊस मात्र सायन वर्षाचे मान पाळतो.

दीक्षित स्वतः सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. हा वाद त्यांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त विस्ताराने मांडला. पण तो ग्रंथ अभ्यासकांचा. नारळीकरांचे फलज्योतिषविरोधी लेखन सर्वश्रुत आहे, तथापि त्याचा रोख पत्रिकेवर आहे, पेरणीच्या नक्षत्रावर नाही. परिणामी जेथे पंचांग चुकते आणि का चुकते हे खगोलशास्त्रच सांगू शकते, तेथे शेतकरी वाचकाला वाहनांचे कोष्टक छापणारे पंचांगच तेवढे हाती मिळते. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते. त्या फेऱ्याने आपला मृग हलविला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.