झाडणे हे कारखान्याचे काम नव्हे?

कंत्राटी कामगारांविषयीचे लेखन बहुधा १९७०च्या अधिनियमापासून सुरू होते. माझ्या मते ते दहा वर्षे आधीपासून, ट्रॉम्बेहून सुरू व्हायला हवे. तिथल्या स्टॅंडर्ड व्हॅक्यूमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात सफाईचे काम कंत्राटाने दिले जाई. नियमित कामगारांनी त्याविरुद्ध वाद उभा केला. १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निवाडा कायम ठेवला. सफाई रोज लागते, तिच्यावाचून कारखाना चालत नाही, हे त्यामागचे साधे कारण. काम बारमाही आहे का, उद्योगाला आवश्यक आहे का, पूर्णवेळ माणसांना पुरेल एवढे आहे का, या कसोट्या पुढे १९७०च्या अधिनियमाच्या दहाव्या कलमात आल्या.

त्या अधिनियमाच्या नावात ‘नियमन’ आणि ‘निर्मूलन’ हे दोन शब्द आहेत. नियमनाची बाजू स्पष्ट होती. कंत्राटदाराने वेतन थकवले, तर प्रमुख मालकाने ते द्यावे आणि त्याच्याकडून वसूल करावे. निर्मूलनानंतर कामगाराने जायचे कुठे, यावर मात्र अधिनियम गप्प होता. १९९६च्या एअर इंडिया निकालाने ती जागा भरली : बंदी आली की कामगार थेट मालकाचा. २००१मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे फिरवले. आपोआप सामावून घेणे नाही. कंत्राट हा निव्वळ देखावा असल्याचे कामगाराने सिद्ध करावे.

तेव्हापासून कंत्राटी मनुष्यबळाचे व्यवस्थापन म्हणजे बरेचसे अंतराचा पुरावा सांभाळणे झाले. हजेरी कंत्राटदाराची, ओळखपत्र त्याचे, सुपरवायझरही कागदावर त्याचाच. तिशीत मी एका कारखान्यात असा मदतनीस होतो. सहा वर्षांत तीन कंत्राटदार बदलले; यंत्र तेच, फोरमन तोच. ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षे मात्र कोणाच्याच वहीत भरली नाहीत.

हंगामी किंवा विशेष कौशल्याचे काम बाहेर द्यावेच लागते, हा उद्योजकांचा मुद्दा खरा आहे. पण २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्याहून पुढची उडी घेतली. तिने गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगारांना मनाई केली, तीही अपवाद ठेवून. आणि आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल, तर गाभ्याबाहेर धरायच्या कामांची यादी दिली. त्या यादीत पहिले नाव सफाईचे आहे. पहारा, उपाहारगृह, मालाची चढउतार त्यामागोमाग येतात.

ज्या झाडूच्या वादातून कायद्याला कसोट्या मिळाल्या, तोच झाडू साठ वर्षांनी गाभ्याबाहेर ठेवला गेला. १९६०चा प्रश्न होता, काम रोजचे आहे का? आजचा प्रश्न आहे, काम मानाचे आहे का? पहिल्याचे उत्तर कारखान्यात फेरी मारून मिळते. दुसऱ्याचे मालक ठरवतो, आणि आपल्या समाजात झाडूचा मान किती, हे मी वेगळे सांगायला नको.