स्वगत, एकभाषित आणि एकपात्री : काही संज्ञांचा विचार

मराठी नाट्यसमीक्षेत एखाद्या पात्राचे दीर्घ भाषण आढळले की त्यास सरसकट ‘स्वगत’ म्हटले जाते. ‘सॉलिलॉकी’ आणि ‘मोनोलॉग’ या दोन्ही पाश्चात्त्य संज्ञांचा अनुवादही बहुधा याच शब्दाने केला जातो. हा केवळ कोशकारांचा प्रश्न नाही. संज्ञा चुकली की नाट्यकृतीचा अर्थही चुकतो.

‘स्वगत’ ही संज्ञा संस्कृत नाट्यशास्त्राची आहे. धनंजयाने ‘दशरूपका’त नाट्यवस्तूचे सर्वश्राव्य, नियतश्राव्य आणि अश्राव्य असे तीन प्रकार केले. सर्वांनी ऐकावे ते ‘प्रकाश’, काहींनीच ऐकावे ते ‘जनान्तिक’ आणि ‘अपवारित’, रंगमंचावरील कोणीही ऐकू नये ते ‘स्वगत’. म्हणजे येथे निकष श्रोत्याचा आहे, लांबीचा नव्हे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताची कित्येक आत्मगते एकदोन वाक्यांत संपतात, आणि तीही शकुंतला व तिच्या सख्या समोर असताना. ‘सॉलिलॉकी’च्या लॅटिन व्युत्पत्तीत मात्र वक्त्याचे एकटे असणे अभिप्रेत आहे. (गंमत अशी की, ज्या संत ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस हा शब्द ग्रंथनामासाठी घडविला, त्याचा तो ग्रंथ स्वतःच्या विवेकाशी केलेला संवाद आहे.) ‘मोनोलॉग’ला तर एकांताचीही अट नाही. समोर श्रोते असू शकतात, ते ऐकतही असतात. ब्राउनिंगच्या नाट्यात्म कवितांत मूक श्रोत्याच्या उपस्थितीनेच बोलणाऱ्याचे शब्द वळण घेतात. अशा भाषणास स्वगत म्हणणे म्हणजे त्या श्रोत्याला पुसून टाकणे होय. त्यासाठी ‘एकभाषित’ हा शब्द अधिक सोयीचा ठरेल.

‘एकपात्री’ या शब्दाची अडचण निराळी आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये नट एक, पण पात्रे पन्नासहून अधिक. येथे ‘पात्र’ म्हणजे ‘नट’ असे समजूनच तो शब्द चालतो, आणि रूढीने तो चालवून घेतला आहे. संस्कृतातील भाणामध्येही एकटा विट रंगमंचावर असतो; परंतु ‘काय म्हणतोस?’ असे विचारीत तो न दिसणाऱ्या व्यक्तींची उत्तरे स्वतःच सांगतो. शास्त्राने यास ‘आकाशभाषित’ असे वेगळे नाव दिले, स्वगत म्हटले नाही. ही दक्षता आज दुर्मीळ झाली आहे.

तिचा अभाव सर्वाधिक जाणवतो तो विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या नाटकाच्या चर्चेत. शेवटच्या अंकातील लीला बेणारेचे दीर्घ भाषण ‘बेणारेचे स्वगत’ म्हणूनच ओळखले जाते. दशरूपकाच्या निकषावर ते अश्राव्य आहे हे खरे. कारण ती बोलत असताना इतर सर्व पात्रे गोठलेली असतात. परंतु त्याची घडण स्वगताची नाही. ते आरोपीचे निवेदन आहे. त्यात न्यायमूर्तींना संबोधन आहे, मामावरील कोवळ्या प्रेमाची आणि प्राध्यापक दामले यांच्याशी असलेल्या संबंधाची कबुली आहे, स्वतःच्या देहाची आणि होणाऱ्या अपत्याची बाजू आहे. नाटकातील न्यायालय तिला दहा सेकंदांची मुदत देते. ती मुदत संपल्यावर कामकाज पुढे सरकते ते आरोपीला काही सांगायचे नव्हते असे गृहीत धरूनच.

म्हणजे जे सर्वश्राव्य असावयास हवे होते, तेच येथे अश्राव्य ठरविले गेले आहे. नाटकातील हिंसा नेमकी या ठिकाणी आहे. त्यास निव्वळ स्वगत म्हटले की बेणारे ‘मन मोकळे करते’ असा हळवा अर्थ हाती येतो. वर्गातील विवेचनात आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो हटकून भेटतो. त्या अर्थाने न्यायालय निर्दोष सुटते, कारण स्वतःशीच बोलणाऱ्या व्यक्तीचे कोणी ऐकले नाही तर त्यात दोष कोणाचा?

उलटपक्षी, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (1970) अप्पा बेलवलकरांच्या भाषणांना एकच नाव पुरत नाही. ज्याचे आयुष्य प्रेक्षकांसमोर बोलण्यात गेले, तो नट एकटा असतानाही कोणाला तरी ऐकवीतच असतो. तेथे स्वगत कोठे संपते आणि एकभाषित कोठे सुरू होते, हे प्रत्येक प्रवेशापुरते स्वतंत्रपणे तपासावे लागते.