ऋतुकवितांची देवघेव आणि मुलांचा शब्द

दूरदूरच्या शाळांतील वर्गांनी संगणकजालाद्वारे एकत्र काम करावे, या हेतूने युरोपात २००५ साली ‘ई-ट्विनिंग’ हा उपक्रम सुरू झाला. अशा सहकार्यात मुलांनी रचलेल्या ऋतुविषयक कवितांची देवघेव हा सहज सुचणारा विषय होय. ऋतू सर्वांच्याच अनुभवाचे असतात. परंतु ते सर्वत्र सारखे नसतात, आणि त्यांची शब्दकळा तर भाषेगणिक पालटते.

फिनिश भाषेत ‘नुओस्का’ असा एक शब्द आहे. किंचित ओलसर, मुठीत दाबताच गोळा होणारा बर्फ, एवढा अर्थ त्यात सामावला आहे. ग्रीक भाषेत ऐन जानेवारीतील निवांत, उबदार दिवसांना ‘अल्किओनिदेस’ हे खास नाव आहे. दोन्हींकडील मुलांनी परस्परांसाठी इंग्रजीत लिहिले, की ‘स्नो’ व ‘विंटर’ एवढेच उरण्याचा संभव असतो. कविता पोचते, ऋतू मात्र घरीच राहतो. आपल्याकडील ‘झड’ आणि ‘भुरभुर’ यांनाही तेथे एकच ‘रेन’ पुरेसा ठरेल.

सामाईक भाषा त्याज्य आहे, असे मला म्हणावयाचे नाही. तिच्यावाचून ही देवघेवच अशक्य होईल. दोष आहे तो भाषांतराला अखेरचा टप्पा मानण्यात. मूळ कविता शेजारी ठेवावी, अनुवादात तो एक शब्द तसाच राहू द्यावा आणि त्याचा अर्थ पलीकडच्या वर्गाने विचारावा. त्या प्रश्नापासून खऱ्या सहकार्यास आरंभ होतो. एरवी दोन्ही वर्ग एकमेकांना पाठ्यपुस्तकातील हिवाळाच पाठवीत राहतील.