बारा गाण्यांचा ताळेबंद

संगीतावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो : काडीचाही नाही. मी बी.कॉम. आहे. गेली वीस वर्षे बँकेत सेव्हिंग्जच्या काउंटरवर बसतो. सुरांशी माझा रोजचा संबंध म्हणजे टोकन नंबर पुकारणारी यंत्रातली बाई. आणि तीही प्रत्येक नंबर एकाच सुरात पुकारते. तरीही आज मी एका ध्वनिमुद्रिकेवर टीकात्मक लेख लिहायला बसलो आहे. टीका करायला ज्ञान लागत नाही, हे मी रोज काउंटरच्या अलीकडे बसून पाहतोच आहे.

त्याचे असे झाले. माझा मेव्हणा अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशव्हिलला असतो. तो दर खेपेला बदाम आणि चॉकलेटे आणतो. या खेपेला त्याने एक एलपी आणली. ‘पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स’. डेक्का कंपनीने १९६७ साली काढलेली, दोन बाजू मिळून बारा गाणी. “भावजी, नॅशव्हिलला येऊन गेल्यासारखं वाटेल,” तो म्हणाला. तिकिटापेक्षा एलपी स्वस्त पडते, हा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि आभार मानले.

आमच्याकडे तबकडी वाजवायचे यंत्र नाही. ते खालच्या मजल्यावरच्या नानांकडे आहे. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले आणि गाण्यातले दर्दी. आता दर्दी म्हणजे कोण? तर आपल्याला जे आवडते ते का आवडू नये, हे जो समजावून सांगतो तो. नानांनी कव्हर उलटसुलट करून पाहिले आणि चष्मा कपाळावर नेला.

“ग्रेटेस्ट हिट्स? म्हणजे निवडक! अहो, निवडक ऐकणं म्हणजे पुस्तक न वाचता गाईड वाचून पास होणं.”

मी स्वतः गाईड वाचूनच बी.कॉम. झालेलो असल्याने हा घाव वर्मी बसला. परंतु नानांनी सुई ठेवली, आणि पुढची पंचवीस-तीस मिनिटे आम्ही दोघेही गप्प होतो. नानांच्या बाबतीत ही घटना विरळा.

आता ही कंट्री म्युझिक काय भानगड आहे ते माझ्यासारख्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतले हे गाणे. व्हायोलिनला तिकडे फिडल म्हणतात. ते फिडल आणि रडवेली स्टील गिटार ही त्याची ओळख. पन्नाशीच्या दशकात रॉक अँड रोल आले आणि या गाण्याचे गिऱ्हाईक फुटू लागले. तेव्हा नॅशव्हिलच्या ओवेन ब्रॅडली, चेट ॲटकिन्स अशा निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार जरा मागे सारली, गुळगुळीत व्हायोलिनांचा ताफा आणला आणि मागे कोरस उभा केला. याला ‘नॅशव्हिल साउंड’ म्हणतात. तिकडच्या कडव्या दर्दींच्या मते हे दुधात पाणी. माझ्या मते चहा. दूध, पाणी आणि साखर यांचे प्रमाण जमले तर त्याला भेसळ कुणी म्हणत नाही.

आणि त्या चहात जो आवाज आहे, तो मात्र अस्सल. बाईचा आवाज खालच्या पट्टीतला आणि भरदार. शब्दाला ती किंचित उशिरा पोहोचते. पण आमच्या कारकुनांसारखी धापा टाकत नाही, बरोबर वेळ साधून पोहोचते. दुःखाच्या जागी आवाज मध्येच जरासा चिरतो आणि लगेच सावरतो. रडत नाही. रडू येऊ नये म्हणून गाते, असे वाटते. आपल्या भावगीतांवर वाढलेल्या कानाला हा आवाज परका वाटतच नाही. नानांनीही पहिल्या बाजूनंतर “हं” एवढेच म्हटले. त्यांच्याकडून हे भारतरत्न समजावे.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या पद्धतीने रसग्रहण सुरू केले. म्हणजे गाण्यांसमोर तारखा लिहिल्या. बाई १९३२ साली व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला जन्मली. शाळा अर्धवट सोडून औषधाच्या दुकानातल्या सोड्याच्या काउंटरवर नोकरी केली. काउंटर! म्हणजे आमच्या बिरादरीतली. १९५४ साली तिने फोर स्टार नावाच्या कंपनीशी करार केला. त्या करारात अशी मेख होती, की गाणी गायची ती ज्यांचे हक्क त्या कंपनीकडे आहेत तेवढीच. करारावर सही करताना बारीक अक्षर वाचावे, असे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षे सांगत आलो आहे. कुणी वाचत नाही. पॅट्सीनेही बहुधा वाचले नसावे. १९६० पर्यंत तिने तिथे पन्नासेक गाणी गायली आणि त्यांतले गाजले फक्त एक : १९५७ सालचे ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’.

आता गंमत पाहा. हे गाजलेले गाणे या तबकडीवर आहे. पण जुने नव्हे, १९६१ साली डेक्कासाठी पुन्हा गाऊन घेतलेले. उरलेली अकरा करार सुटल्यानंतरची. त्यांतले सर्वांत आधीचे ‘आय फॉल टू पीसेस’ नोव्हेंबर १९६० मध्ये मुद्रित झाले आणि शेवटची १९६३ च्या फेब्रुवारीत. म्हणजे जिला आपण एका आयुष्याची पुंजी समजून ऐकतो, ती सगळी सव्वादोन वर्षांची जमा आहे. मागची पन्नास गाणी ताळेबंदात नाहीतच.

इथे माझी या संग्रहाबद्दलची पहिली आणि खरी तक्रार. गाणी कालक्रमाने लावलेली नाहीत. पहिले गाणे झाले की दुसरे लगेच ‘स्वीट ड्रीम्स’, म्हणजे तिच्या अखेरच्या दिवसांतले. तारखांविना पासबुक छापावे तसा हा प्रकार. ऐकणाऱ्याला वाटते, बाई पहिल्यापासून अशीच गात होती, अशीच गाजत होती. निवडक संग्रहाचा दोष नाना म्हणतात तो नव्हे. निवडक काढणारा वाईट गाणे निवडत नाही, यात गैर काय? दोष हा, की तो वाट पाहण्याची वर्षे पुसून टाकतो. आणि वीस वर्षे एकाच काउंटरवर बसलेल्या माणसाला ती वर्षे पुसलेली चालत नाहीत.

‘क्रेझी’चेच घ्या. हे गाणे लिहिले विली नेल्सनने, तेव्हा तो धडपडणारा गीतकार होता. जून १९६१ मध्ये पॅट्सीला भयंकर मोटार अपघात झाला. कपाळ फाटले, जबर मार लागला. ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन ती स्टुडिओत आली. बरगड्या दुखत होत्या, वरचे स्वर लागेनात. वाद्ये मुद्रित करून ठेवली, बाई घरी गेली आणि काही आठवड्यांनी परत येऊन तिने ते एका दमात गायले. (आमच्याकडे करंगळीला बँडेज असले तरी नोटा मोजायच्या बंद होतात.) तबकडीवर यातले काही ऐकू येत नाही. ऐकू येते ते आरामखुर्चीत बसून गायल्यासारखे गाणे. हा कलेचा मोठेपणा, हे मान्य. पण तारीख माहीत असली की आरामखुर्चीचा एक पाय कुबडीचा आहे हे कळते आणि गाणे आणखी आवडते.

माझे व्यावसायिक आवडते गाणे मात्र ‘शीज गॉट यू’, हँक कॉक्रनचे. सोडून गेलेल्या माणसाचा फोटो हिच्याकडे आहे, त्याच्याबरोबर ऐकलेल्या तबकड्या हिच्याकडे आहेत, त्याची अंगठी हिच्याकडे आहे. तो मात्र दुसरीकडे आहे. इतकी काटेकोर मालमत्तेची यादी मी वारसांच्या अर्जातही पाहिली नाही. तारण सगळे जागेवर, कर्जदार फरारी! हसू येते आणि दुसऱ्या क्षणी येईनासे होते, कारण यादी वाचताना तिचा आवाज एकदाही चढत नाही. दुःख सांगायला मोठे शब्द लागत नाहीत, वस्तूंची यादी पुरते, हे या गाण्याने मला शिकवले.

आणि मग दुसऱ्या बाजूचे चौथे गाणे. ‘व्हाय कान्ट ही बी यू’. यात एक सद्गुणी गृहस्थ आहे. तो फुले पाठवतो, तासातासाला फोन करतो, तिच्यावर मनापासून प्रेम करतो. सगळे ठीक आहे. फक्त तो ‘तो’ नाही. ती म्हणते, हा माणूस तू का नाहीस?

सगळे श्रोते हे गाणे त्या बाईच्या बाजूने ऐकत असतील. मी त्या गृहस्थाच्या बाजूने ऐकले. वेळेवर घरी येणारा, विजेचे बिल मुदतीच्या आत भरणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. वाचकहो, मला चार रात्री झोप लागली नाही. पाचव्या दिवशी ही भाजी निवडत असताना मी गाण्याचा अर्थ तिला सांगितला आणि चाचरत विचारले, “तो माणूस... म्हणजे मीच, असं नाही ना वाटत तुला?”

तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

“तो फुलं पाठवतो म्हणालात?”

“हो.”

“तासातासाला फोन करतो?”

“हो.”

“मग तुम्ही तो कसे असाल?”

दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना मी शेवंतीची वेणी आणली. “आज गुरुवार आहे का?” असे म्हणत तिने ती दत्ताच्या तसबिरीला घातली.

त्याच संध्याकाळी नानांकडचा डबा परत करायला आम्ही दोघे खाली गेलो. दार उघडेच होते. निवडक संग्रहाचे कट्टर विरोधक आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि ‘फेडेड लव्ह’ चालू होते. फेब्रुवारी १९६३ चे हे गाणे. त्याच्या अगदी शेवटी, अखेरच्या शब्दाआधी, तिने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. मुद्रण करणाऱ्याने तो पुसला नाही, हे त्याचे आपल्यावर उपकार आहेत. बारा गाण्यांत बाई तेवढ्या एकाच जागी आपल्या खोलीत येऊन उभी राहते.

ही डबा हातात घेऊन उंबऱ्यातच थांबली. इंग्रजी गाण्यांचे तिला वावडे आहे.

“दमली होती का हो ती?” तिने हळूच विचारले.

त्या गाण्यानंतर महिनाभरात, ५ मार्च १९६३ ला, टेनेसीतल्या कॅम्डनजवळ लहान विमान कोसळून पॅट्सी क्लाइन गेली. वय तीस. ही तबकडी निघाली ती त्यानंतर चार वर्षांनी. पुढे एकट्या अमेरिकेत तिचा खप एक कोटीवर गेल्याची नोंद २००५ साली झाली. सगळ्या तारखा आणि आकडे मला पाठ होते. एरवी मी ते तोंडावर फेकले असते.

“हो, जराशी,” मी म्हणालो.

“मग पुन्हा लावा ना नाना,” ही म्हणाली आणि डबा घेऊन तिथेच खाली बसली.