‘सी.आय.डी.’ची थप्पड आणि आमचा प्रेक्षक

स्टुअर्ट हॉल या अभ्यासकाने १९७३ साली मांडले की, कार्यक्रमाचा अर्थ निर्माता एकटा ठरवत नाही. प्रेक्षक तो मान्य करतो, आपल्या अनुभवाने थोडा बदलून घेतो किंवा नाकारतो. सोनी वाहिनीवर १९९८ ते २०१८ चाललेली व डिसेंबर २०२४ मध्ये परतलेली ‘सी.आय.डी.’ या कसोटीवर पाहू. दया थप्पड मारतो, गुन्हेगार कबूल होतो, न्याय झाला! आकुर्डीतील आमच्या उर्दू शाळेत मुले खेळतात तेव्हा प्रत्येकाला दयाच व्हायचे असते. आरोपी कोणालाच नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना मात्र त्याच थपडेने मालेगाव आठवते. २००६ च्या स्फोटांनंतर प्रथम पकडलेल्या मुस्लिमांच्या प्रकरणात मकोकाखाली कबुलीजबाब नोंदले गेले. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. सामान्य कायद्यात पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. मालिकेत मात्र कबुली हाच शेवट. न्यायालय सहसा दिसत नाही.

शिवाजी साटम यांचा प्रद्युम्न आम्हालाही आवडतो. मालिका बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. थप्पड पाहून टाळी वाजवणाऱ्या मुलाने “पुरावा कुठे आहे?” एवढे विचारावे. हॉलच्या भाषेत हे तडजोडीचे वाचन. आमच्या मुलांसाठी ती गरज आहे.