दख्खनच्या कातळातील वायुसाठवण : क्षमतेच्या अंदाजांची चिकित्सा (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :

विहीर खोदताना लागणारा, सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण आपल्या नित्य परिचयाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला हा बेसॉल्ट आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. उद्योगांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड या खडकात खोलवर कायमचा साठवता येईल, असा विचार गेली दोन दशके मांडला जात आहे. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालात देशातील बेसॉल्टची साठवणक्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन असल्याचे नमूद केले आहे. प्रस्तुत लेखात या अंदाजाची अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कल्पनेमागील शास्त्र :

ही कल्पना निराधार नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. बेसॉल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांच्याशी विरघळलेल्या वायूचा संयोग होऊन कार्बोनेट खनिजे तयार होतात. म्हणजे वायूचाच दगड होतो. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये खडकात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू बेसॉल्टमध्ये सोडण्यात आला. तथापि प्रयोगातील हजार टन आणि अंदाजातील अब्जावधी टन यांमधील अंतर ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय अंदाजाची वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक असावी, हीच गोष्ट मूलभूत माहितीच्या अपुरेपणाची साक्ष देते.

एकच खडक, परस्परविरोधी अपेक्षा :

जिल्ह्यात ऊर्जा साठवण्यासाठी कातळाचा उपयोग यापूर्वीच झाला आहे. अकोले तालुक्यातील घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची क्षमता २५० मेगावॉट असून वीजगृह भूगर्भात आहे. मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे व मागणी वाढताच ते खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही योजना होय. मात्र घाटघरच्या यशावरून वायुसाठवणीचे यश गृहीत धरणे योग्य नाही. भूमिगत वीजगृहासाठी खडक अखंड व भक्कम असावा लागतो. वायुसाठवणीसाठी याउलट सच्छिद्र थर हवा आणि त्यावर वायू रोखून धरणारा घट्ट थरही हवा. आपल्याकडे लाव्हाच्या प्रत्येक थराचा माथा बहुधा सच्छिद्र असतो हे खरे. परंतु ही छिद्रे अनेक ठिकाणी झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेली आहेत. राहुरी परिसरातील ज्या स्फटिकांचे संग्राहकांना आकर्षण वाटते, ते स्फटिक वायूला हवी असलेली जागाच व्यापून बसलेले असतात. खडकाच्या एकूण आकारमानावरून काढलेल्या क्षमतेत या भेदाला पुरेसे स्थान मिळत नाही.

खोली आणि पाणी :

कार्बन डायऑक्साइड दाट अवस्थेत साठवावयाचा तर साधारणतः ८०० मीटर वा त्याहून अधिक खोली लागते. कोयना परिसरात २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या वेधविवरात बेसॉल्टची जाडी १२४७ मीटर आढळली. किल्लारी येथे ती केवळ ३३८ मीटर होती. पश्चिमेकडून पूर्वेकडे ही जाडी सामान्यतः घटत जाते. अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याला म्हणूनच एकच सरासरी लागू करता येणार नाही. कळसूबाईची १६४६ मीटर उंची पाहून खडकाच्या खोलीविषयी निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल.

वायू पाण्यात विरघळवून सोडल्यास कमी खोलीही चालते. आइसलँडमध्ये हीच पद्धत वापरली गेली. परंतु तीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोगही झाले आहेत. ते कोकणास उपयोगी ठरतील, पर्जन्यछायेतील नगरला नव्हे. ज्या जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी घातली, तेथे हे पाणी कोठून येणार, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच सामाजिक आहे. येथील विहिरींचे पाणीही बेसॉल्टच्या भेगांत व सच्छिद्र थरांतच साठते. खोलवर सोडलेला वायू भेगांवाटे वर येऊन या पाण्यात मिसळणार नाही, याची खात्री स्थानिक मोजणीनेच देता येईल. तसेच भूगर्भातील द्रवाचा दाब वाढल्यास जुने भ्रंश सरकू शकतात. १९६७ च्या कोयना भूकंपाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगावयास नको.

समारोप :

जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांमध्ये किण्वनातून बराच शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यामुळे उद्या एखादा साठवण प्रस्ताव येथे आल्यास आश्चर्य वाटू नये. अशा प्रस्तावास सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. मात्र प्रथम खोल वेधविवर घेऊन थरांची जाडी, सच्छिद्रता व भूजलाशी असलेला संबंध तपासावा. ती माहिती मराठीतून ग्रामसभेपुढे ठेवावी. आणि मगच क्षमतेचे आकडे मांडावेत. भूगोल, रसायनशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांतील प्राध्यापकांना या कामी एकत्र येता येईल. खडकाचे आकारमान म्हणजे साठवणक्षमता नव्हे, आणि ज्या जमिनीखाली वायू साठवावयाचा तिच्यावर राहणाऱ्यांच्या पाण्याचा हिशेब वगळून केलेला कोणताही अंदाज अपूर्णच राहतो.