स्लाइडवरचं क्वांटम

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळानं मला वीस मिनिटं दिली होती. अथर्वशीर्षाची आवर्तनं संपली होती, पानं मांडायची होती, आणि मधल्या वेळात ‘आपल्यातल्याच एका पोस्टडॉकनं’ क्वांटम म्हणजे काय ते सोपं करून सांगायचं होतं. मी सोपं केलं. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘निरीक्षक वास्तव बदलतो’. टाळ्या पडल्या. मग मसालेभाताच्या रांगेत एका काकूंनी हळूच विचारलं, "काकांच्या बायॉप्सीचा रिपोर्ट सोमवारी यायचाय. मनात चांगलं धरून उघडला, तर फरक पडतो का गं?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी ऑफिसच्या एखाद्या कार्यशाळेत ‘प्रभावी प्रेझेंटेशनसाठी क्वांटम विचार’ असं काहीतरी ऐकलं असेल. संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे क्वांटम विज्ञानाचं वर्ष म्हणून जाहीर केल्यावर तर या शब्दाला आणखीच भाव आला. सल्ले साधारण ठरलेले असतात. श्रोते म्हणजे निरीक्षक, त्यांच्या नजरेनं तुमचं भाषण घडतं. हायझेनबर्गप्रमाणे आकडे आणि गोष्ट दोन्ही एकाच वेळी नेमके सांगता येत नाहीत. क्लिक करेपर्यंत पुढची स्लाइड श्रॉडिंगरच्या मांजरासारखी असते.

एकेक तपासू. हायझेनबर्गचं 1927 चं अनिश्चिततेचं तत्त्व स्थान आणि संवेग अशा ठरावीक जोड्यांबद्दल आहे, आणि त्याला एक आकडा आहे. सत्तर किलोचा वक्ता मंचावर फिरतो आहे आणि त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला एक मिलिमीटर आहे असं धरा. या तत्त्वामुळे त्याच्या जागेत जी किमान अनिश्चितता राहते, ती प्रोटॉनच्या व्यासाच्या अब्जाव्या हिश्शाच्याही अब्जाव्या हिश्शाहून कमी भरते. आकडे आणि गोष्ट यांच्यातली ओढाताण खरी आहे, पण ती वेळेची आणि लक्षाची आहे. हायझेनबर्गचा तिथे संबंध नाही.

श्रॉडिंगरनं 1935 मध्ये मांजर मांडलं ते क्वांटमचे नियम रोजच्या वस्तूंना सरसकट लावले तर किती विचित्र निष्कर्ष निघतात हे दाखवायला. आपण तेच मांजर नेमकं उलट्या कामाला जुंपतो. आणि ‘निरीक्षण’ म्हणजे तिथे मोजमाप. कणाची एखाद्या उपकरणाशी गाठ पडली की पुरे. बघणाऱ्याच्या मनात काय आहे, याचा त्या गणितात कुठेही उल्लेख नाही.

कुणी म्हणेल, रूपकच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? माझी कसोटी साधी आहे. सल्ल्यातून ‘क्वांटम’ हा शब्द काढून टाका. ‘श्रोत्यांकडे बघून बोलणं बदला’ हा सल्ला तसाच्या तसा उभा राहतो. म्हणजे तो शब्द फक्त वजनासाठी घातला होता. असं उसनं वजन ऐकणाऱ्याला प्रश्न विचारू देत नाही, कारण क्वांटमशी वाद कोण घालणार? काकूंनी मात्र माझ्या वाक्यावर विश्वास ठेवला, आणि तो त्यांच्या घरातल्या सगळ्यात नाजूक जागी लावून पाहिला.

मग क्वांटमकडून सादरीकरणाबद्दल शिकण्यासारखं काहीच नाही का? आहे, पण ते क्वांटम समजावून सांगणाऱ्यांकडून. रिचर्ड फाइनमन यांनी 1964 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सात व्याख्यानं दिली. बीबीसीनं त्यांचं चित्रीकरण केलं होतं. त्यातलं सहावं जरूर पाहा. विषय क्वांटमचा, पण भर एकाच प्रयोगावर: दोन फटी. आधी त्यांतून बंदुकीच्या गोळ्या जातात, मग पाण्याच्या लाटा, मग इलेक्ट्रॉन. दोन्ही ओळखीच्या उपमा ते पूर्ण वापरतात, आणि प्रत्येक कुठे तुटते तेही दाखवतात. इलेक्ट्रॉन गोळीसारखा एकेक करून येतो, पण त्यांचं वाटप लाटेसारखं होतं. इथे उपमा संपते, हे ते लपवत नाहीत. माझ्या वीस मिनिटांत नेमकं हेच राहून गेलं होतं. उपमा दिली, आणि तिची हद्द सांगितली नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी मी काकूंना फोन केला. म्हटलं, "काकू, माझं ते वाक्य चुकीचं होतं. रिपोर्टमध्ये जे आहे ते आधीच ठरलेलं आहे. तुम्ही कशाही मनानं उघडलात तरी ते बदलणार नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, माझ्या मनात शंका आली म्हणून वाईट निघेल."

यंदाही मंडळानं बोलावलं आहे. ती स्लाइड मी काढून टाकली आहे.